एस्तेरचा गुरुवार

सुशीलामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बार्शीहून घरी सोलापूरला परतणाऱ्या एसटीत होते, उतरून थेट तिलाच भेटायला जाणार होते. तिच्यासाठी घेतलेली खारकांची पुडी अजून तशीच पडून आहे... पाच आठवडे झाले. तिच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ भेटले, पण ज्या गोष्टीनं तिला सगळ्यात जास्त छळलं ती कुणी काढत नाही. ती मलाच लिहायला हवी.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चची मंडळी रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थनेला जमतात, मग चहा होतो. कुठल्या दिवशी कुणाचं घर, हे शाळेतून निवृत्त झाल्यापासून मावशी ठरवायची आणि मी शेजारी बसून यादी उतरवायची. यादीत नाव नसलं की लोक वर्षभर रुसायचे.

चार वर्षांपूर्वी एस्तेर नावाची नागालँडची नर्स चर्चला येऊ लागली. मावशीची साखर वाढली तेव्हा ड्यूटी संपवून रोज इंजेक्शन द्यायला यायची. रस्त्यावरची पोरं तिला ‘चायनीज’ म्हणून ओरडायची. आम्ही ओरडत नव्हतो एवढंच. तोंडावर गोड बोलायचो आणि घरी येऊन तिच्या डब्याची चेष्टा करायचो. एकदा ती म्हणाली, “आंटी, एक दिवस माझ्या खोलीवर पण प्रार्थना ठेवा ना.”

मावशीनं मला सांगितलं, “लिही, गुरुवार, एस्तेर.” मी पेन खाली ठेवलं. “तिच्याकडं नको, मावशी. ते लोक काय काय खातात. तिथं चहा कोण घेणार?” मावशी म्हणाली, “बरं, पुढच्या वर्षी बघू की.”

एस्तेरनं खोलीला स्वतः रंग दिला होता, दोन डझन कप आणून ठेवले होते, हे नंतर कळलं. रविवारी यादी वाचली गेली तेव्हा ती शेवटच्या नावापर्यंत लक्ष देऊन ऐकत होती. ईस्टर यायच्या आत ती नोकरी सोडून गेली.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, मावशी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिली. “ती आपल्यासारखी दिसत नाही म्हणून तिचं घर मी गाळलं. हे पाप आहे, आणि ते मी केलंय.” मी दुसऱ्या बाकावर होते. माझं नाव तिनं घेतलं नाही, आणि लाज वाटायच्या आधी मला हायसं वाटलं. बाहेर एक म्हातारे गृहस्थ तिला म्हणाले, “बाई, येवडं मनाला लावून घ्यायसारखं काय हाय त्यात?” मावशी म्हणाली, “तिनं कप आणले होते.”

तिनं एस्तेरला फोनही केला. तिकडून “ठीक आहे, आंटी” एवढंच आलं. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. तेव्हापासून यादीत एक गुरुवार एस्तेरच्या नावानं असायचा. त्या संध्याकाळी मावशी एकटीच त्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसायची.

मावशीच्या हातची गेल्या वर्षीची यादी तिच्या स्वयंपाकघरात, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. यंदाची मी केली. तो गुरुवार आता दुसऱ्या कुणाला द्या, असं सुचवणारे निघाले. मी दिला नाही. परवा पायरीवर जाऊन बसेन. पण त्याआधी, ज्यांनी ज्यांनी मावशीची ती कबुली ऐकली त्यांना हे कळायला हवं... ‘तिच्याकडं नको’ हे मी म्हणाले होते.