जीटी लेट नव्हती

वर्षभरापासून मी घरच्याइले खोटं सांगून राह्यली.

आज मोठेबाबाले जाऊन वर्ष झालं. बाबाचे मोठे भाऊ.

रेल्वेत गँगमन होते. जिंदगीभर पटरीवर पायी चालले. रिटायर झाल्यावर पटरीच्याच बाजूच्या वावरात वांगे अन् सांबार, म्हंजे कोथिंबीर, लावाले लागले. सेवाग्राम टेसनच्या थोडं अलीकडं.

हातात घड्याळ नाई. मोबाइल घरीच ठेवत.
टाइम म्हणजे गाड्या.

"जीटी गेली का डबा घेऊन निंघजो. तामिळनाडू येईपर्यंत मले जेवण भेटलं पाहिजे."

दोन्ही दिल्लीहून मद्रासले जाणाऱ्या एक्सप्रेस. पहिले जीटी, मंग तामिळनाडू.

मी नववीत शाळा सोडली. घरी कोणी आलं तं मी आतमंदी जाते. मोठेबाबा त्याच्यावर कधी बोलले नाई. "भूगोल सुटला तं सुटला, गाड्या शीक," म्हणत.

"जीटी पहिले पेशावरहून सुटे. पार मंगलोरपर्यंत."
"पेशावर कुठं आलं?"
"आता पाकिस्तानात हाय. तवा पटरी एकच होती."
"तुमी पाह्यलं का?"
"मी का शंभर वर्षाचा हावो का वं?"

गाडीचा नंबर सांगितला का चिडत. "नंबर कैद्याले असते. गाडीले नाव असते."

पहिले डब्यावर नावाची मोठी पाटी राहे म्हणे. आता सगळे डबे लाल. घरून पाहून समजत नाई कोणती कोणती.

म्हून मले आवाज शिकवला.
जीटी सेवाग्रामले थांबते, तं आपल्या इथूनच हळू होत जाते.
तामिळनाडू थांबत नाई. धाडधाड जाते.

त्या दिवशी माह्या कानात इअरफोन होते.

लाल गाडी गेली. दिसली, ऐकू नाई आली.
मले वाटलं तामिळनाडू असन. जीटी आज मागं राह्यली असन.

डबा भरून ठेवला होता. जीटीची वाट पाहत मी बसून राह्यली.

मंग दुसरी लाल गाडी आली. इअरफोन काढले होते तवा.
धाडधाड गेली.

मी पळत वावरात गेली. मोठेबाबा वांग्यात आडवे पडले होते. एक चप्पल पायात, एक दूर. मले ओळखलं.

"जीटी कवाची गेली वं," म्हणाले.
रागात नाई. असंच.

वर्ध्याले दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं पहिले आणाले पाहिजे होतं.

बाबानं विचारलं, "उशीर काऊन झाला?"
"जीटी लेट होती."

एवढंच बोलली मी. सगळ्याइनं मानलं.

तवापासून जीटी आली का बाबा वावरात पाठ करून उभे राह्यते. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, "या गाडीनं माह्या भावाले मारलं." मोठेबाबाच्या गाडीले शिव्या देते. मी बाजूले सांबाराच्या जुड्या बांधत राह्यते.

रडू येत नाई. काय येते तेही समजत नाई.

गाडीची चूक नव्हती. माही होती.

दादा, तुहे बाबा होते ते. तुलेच पहिले सांगाले पाहिजे होतं.
तू आत्ता बाहेर माह्या बाबाजवळ बसून मोबाइल पाहून राह्यला. मले तोंडानं सांगता येत नाई, म्हून तुह्या मोबाइलवर लिहून धाडलं.
हे माह्या बाबाले वाचून दाखवजो. मधातलं काई सोडू नको.

मी सैपाकघरात हावो.

मोठेबाबा, तुमच्या पायावर डोकं ठेवते.