मदत कोणाची, ते बाबांना कळायला हवं होतं

डहाणूच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली आणि पाय उडालाच नाही. दुसराही नाही. त्यांनी हातोडी खाली ठेवली. "मेडिकलला आहेस ना? मग तुला वेगळं सांगायला नको. आजच तुझ्या कॉलेजच्या रुग्णालयात जा."

खरंच सांगायला नको होतं. साल २०१६, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर उलटते. अशक्तपणा पायांतून सुरू होतो आणि वर चढत जातो. बहुतेक जण बरे होतात. पण तो छातीपर्यंत पोचला तर श्वासासाठी यंत्र लावावं लागतं.

मी सुट्टीला तलासरीजवळ आमच्या पाड्यावर आले होते. आधी जुलाब झाले, ते थांबले. मग आम्ही विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला गेलो, तर पायऱ्या चढताना माझे पाय दुमडायला लागले. मैत्रिणीला फोन केला, तर ती हसली. तिचंही चुकलं नाही. मेडिकलला जो धडा वाचावा तो आजार आपल्याला झालाय असं प्रत्येकाला वाटतं. मला तोवर दोनदा टीबी आणि एकदा मेंदूत गाठ होऊन गेली होती! त्यामुळे खरा आजार आला तेव्हा मीच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. चप्पल पायात धरवेना, तेव्हा बाबांनी मला उचलून जीपमध्ये घातलं.

वॉर्डात लंबर पंक्चर झालं, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून पाणी काढून तपासलं. निदान पक्कं झालं. आम्हाला मेडिसिन शिकवणारे सर दर थोड्या वेळाने येत आणि एका श्वासात होतील तेवढे आकडे म्हणायला लावत. सकाळी जमलेले दुपारी जमेनात. ज्या वॉर्डात मी वही घेऊन उभी राहायचे, तिथेच आता माझी केस पेपरवर लिहिली जात होती.

औषध होतं, आयव्हीआयजी. शिरेतून देतात, उलटलेल्या यंत्रणेला आवरतं. पण भलतंच महाग. रुग्णालयातला शेवटचा साठा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला लागला होता, सरकारी योजनेचे कागद व्हायला वेळ लागणार होता, आणि मला वेळ नव्हता.

फार्माकॉलॉजीच्या मॅडम आल्या. कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी एक फंड होता, तो त्या बघायच्या. मला ठाऊकही नव्हतं. "आज संध्याकाळपर्यंत औषध येईल," त्या बाबांना म्हणाल्या.

"पैसा कोणाचा हाय, मॅडम?"

"शिक्षक टाकतात, इथून शिकून गेलेले डॉक्टर टाकतात. कोणी विद्यार्थी अचानक अडला की द्यायचे. नावं सांगत नाही आम्ही."

"नाव नाय सांगत, मग फेडायचं कोणाला? नाव सांगा. भाताच्या लावणीला त्यांच्या शेतावर आम्ही चौघं येतो."

"त्यांच्याकडे शेतं नाहीत, काका."

"मग नको. मी बैल विकतो."

बाबांचा हेका मला कळत होता. आमच्याकडे लावणीला माणसं एकमेकांच्या शेतावर राबतात. आज ते आपल्याकडे, उद्या आपण त्यांच्याकडे. कोण आलं होतं ते विसरणारा माणूस पाड्यात किंमत घालवून बसतो. पण बैल विकायला बाजार भरावा लागतो. मला त्यांचा भयंकर संताप आला. भांडले असते, पण दम पुरत नव्हता.

सरांनी शेजारच्या खाटेजवळची आयव्हीआयजीची रिकामी बाटली उचलली आणि बाबांच्या हातात दिली. "काका, हे माणसांच्या रक्तातून काढतात. एकदोघांच्या नाही, हजारो माणसांच्या. त्यांचीही नावं मला माहीत नाहीत. देऊ का नको?"

बाबांनी बाटली फिरवून फिरवून पाहिली. "एवढ्या लोकांनी दिलंय?"

"हो."

"मग द्या, साहेब."

पाच दिवस थेंब थेंब औषध गेलं. तिसऱ्या दिवशी आकडे कमी होईनासे झाले. यंत्र लागलं नाही. पुढे फिजिओथेरपी, भिंत धरून चालणं, सहा महिने मागे पडलेली परीक्षा. पण वर्गात परत बसले.

मेडिकलच्या मुलांनो, पाय जड झाले तर स्वतःला हसू नका, दाखवा. आणि घरावर अचानक काही कोसळलं तर शिक्षकांना गाठा, सांगा. मागायची लाज वाटतेच, मलाही वाटली. तरी मागा. शिक्षण सुटलं तर ती लाज कोणाच्या कामाची?

इंटर्नशिपमध्ये असताना घरी फोनवर सहज बोलून गेले, की पहिल्या वर्षाची एक मुलगी डेंग्यूने ॲडमिट आहे आणि तिचे आईवडील गडचिरोलीहून यायला दोन दिवस लागतील. सकाळी राउंडला गेले, तर वॉर्डाच्या दाराशी आई-बाबा. हायवेवरून मिळेल त्या बसने आलेले, आईच्या पिशवीत नागलीच्या भाकऱ्या.

सिस्टरने अडवलं. "पेशंटचं नाव काय? तुम्ही कोण तिचे?"

"नाव नाय माहीत," बाबा म्हणाले. "पोर कोणत्या खाटेवर हाय?"