चंदेरी ढोलकी

आज गेट रंगवताना चंदेरी रंगाचा वास आला आणि वार्ताहर असतानाची सोनईतली ती दुपार आठवली. लावणी, जॅझ आणि कॅबरे एकत्र करणारा शहरी गट गावात आला होता. साथीला गावातले ढोलकीवाले रामभाऊ. पोशाखाला शोभावी म्हणून गटाने त्यांची ढोलकी कातड्यासकट चंदेरी रंगवली. रामभाऊंनी थाप मारली. पुठ्ठा वाजावा तसा आवाज आला.

"मुकी केली की वो हिला."

"काका, दिसते किती भारी," गटाचा प्रमुख म्हणाला. "आवाज लॅपटॉपवरून सोडू."

"मंग फेटा बी लॅपटॉपलाच बांधा."

तरी कार्यक्रमभर ते मुक्या ढोलकीवर हात हलवत बसले. हे सगळं पाहूनही मी बातमीत लिहिलं, 'रामभाऊंची बहारदार साथ.'