पावणं, कधी जाणार?

एका मंडळात पस्तीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. मळणीला उभं राहिलं की भुसा जसा अंगाला चिकटतो तसे ते आपोआप चिकटतात. आमच्यातले कुणीही दोघे रंकाळ्यावर भडंग खात बसले की एक किस्सा निघतो आणि त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. अडचण एवढीच, की प्रत्येक किश्श्यात मी असतो आणि नाव मात्र धोंडू पावण्यांचं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं पुढं मी तुम्हाला जळका वाटेन. वाटेन कसला, आहेच!

धोंडू पावणं म्हणजे आमचा बोलका बाहुला. लाकडी डोकं, गुलाबी फेटा, जाड मिशा आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा मोठा. खेळाची गोष्ट साधी आहे. धोंडू एका दिवसासाठी पावणा म्हणून येतो आणि जायचं नाव घेत नाही. यजमान म्हणजे आमचे शंकरअण्णा. ते मूळचे गडहिंग्लजकडचे, धान्याचे व्यापारी. पडद्याच्या पुढं पेटी घेऊन बसतात आणि प्रत्येक खेळाच्या शेवटी विचारतात, "पावणं, कधी जाणार?" त्यावर धोंडू दर खेळाला नवं उत्तर देतो. माणसं त्या एका उत्तरासाठी यायची.

धोंडूच्या आत हात विष्णू मास्तरांचा. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या शेजारी उकिडवा बसून यजमानाची शेळी करायचो मी. शेळीला वाक्य नाही. पस्तीस वर्षं मी फक्त "ब्यँ" म्हणत आलो.

*

एकदा बिद्रीच्या बाजूला एका गावात खेळ होता. खेळ संपल्यावर सत्कार. सरपंचांनी मास्तरांसाठी शाल उचलली, तर गर्दीतून कुणीतरी म्हणालं, पावण्यांना घाला. घातली धोंडूला! नारळ धोंडूच्या हातात मावेना, म्हणून तो मास्तरांना मिळाला. फोटो निघाले.

मग सरपंच माझ्याकडं वळले आणि विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, शेळी.  माणूस हजरजबाबी. त्यांनी पोराला पिटाळून गोठ्यातनं हिरव्या मक्याची एक पेंडी मागवली आणि ती सन्मानानं माझ्या हातात दिली. लोक पोट धरून हसले. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला?

परतीच्या जीपमध्ये धोंडू शाल पांघरून पुढच्या सीटवर होता आणि मी मागं मांडीवर पेंडी घेऊन. आमच्या म्हशीनं मात्र तो सत्कार मनापासून स्वीकारला.

*

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आठ वर्षं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

मास्तर साठीच्या पुढं गेले तसे विसरायला लागले. जोतिबाच्या डोंगरावर खेळ चालू होता. अण्णांनी विचारलं, "पावणं, कधी जाणार?" आणि धोंडू गप्प. मी वर बघितलं तर मास्तरांच्या कपाळावर घाम. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला, मग पुन्हा एकदा लागला. मला कळलं. मी त्यांच्या कानाला लागून जे सुचलं ते सांगितलं. वर धोंडूनं मान तिरकी केली, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "जेवान चांगलं झालं की जातो. अजून एकदाबी झालं न्हाय!"

डोंगर हादरला.

तेव्हापासून दर खेळाला तसंच. अण्णांचा प्रश्न, गुडघ्याचा धक्का, माझी कुजबुज, धोंडूचं उत्तर. मधला तो गप्प वेळ लोकांना इतका आवडला, की धोंडू पावणं विचार करून बोलतात अशी त्यांची ख्याती झाली. कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी तर पेपरात लेख लिहिला, की त्या मौनात ग्रामीण माणसाचं शहाणपण आहे. लेख मी तीनदा वाचला. मौन मास्तरांचं, शहाणपण माझं आणि फोटो धोंडूचा.

लेख छापून आला त्या दिवशी मास्तरांनी मला मिसळ खायला घातली. खाली बघत म्हणाले, "सदा, हे आपल्या दोघांतच ठेव."

म्हटलं, "ठेवलं."

*

मास्तर गेल्या वर्षी गेले. दहाव्याला आम्ही सगळे पंचगंगेच्या घाटावर. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर तीन कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. आपल्यात असं झालं की काय करतात ठाऊक आहे तुम्हाला. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा.

मास्तरांच्या भावानं शब्द दिला, घराचं छत गळतंय ते नीट करतो. कावळा ढिम्म. पुतण्यानं शब्द दिला, काकूला अंतर देत नाही. कावळा ढिम्म. मग अण्णांच्या डोक्यात आलं. ते हात जोडून म्हणाले, "मास्तर, धोंडूची काळजी करू नका. त्याला उपाशी ठेवत न्हाई आम्ही."

एक कावळा खालच्या फांदीवर आला. सगळ्यांनी श्वास रोखला. मला वाटलं, हीच वेळ. मी पुढं झालो आणि म्हणालो, "मास्तर, मी सांभाळतो की धोंडूला. माझ्याच हातात ऱ्हाईल."

कावळा उडाला आणि थेट पलीकडच्या काठाला जाऊन बसला.

शेवटी काकू, मास्तरांच्या मंडळी, उठल्या. त्या म्हणाल्या, ज्याच्या हातात तो बोलेल त्याला देऊ. तोवर तिन्ही कावळे पिंडावर. घाटावरून परत येताना माझ्याशी कुणी बोललं नाही. अण्णांनी नुसता खांद्यावर हात ठेवला, त्याचा जास्त राग आला.

*

काकूंनी दिलेला शब्द पाळायचा ठरवला. शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. काकू खुर्चीवर डोळे मिटून बसणार आणि ज्याच्या आवाजात धोंडू ऐकू येईल त्याला बाहुला. उमेदवार आम्ही दोघंच होतो. एक मी आणि दुसरी रेखा, मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. ती एसटीत कंडक्टर आहे. भेटायला म्हणून आली होती, काकूंनीच तिला म्हटलं, तूही बघ घालून. कंडक्टर! मी मनात म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

पहिला मी. हात घातला. आत मास्तरांच्या बोटांनी अस्तर गुळगुळीत झालेलं.  सगळा जोर लावून म्हणालो, "काय पावणं, बरं हाय न्हवं?"

आणि त्या 'बरं'मध्ये शेळी निघाली! स्पष्ट. "ब्यँरं." पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा शेळी. पस्तीस वर्षांत ती गळ्यात घर करून बसली होती, मला पत्ताच नव्हता. अण्णा पेटीच्या आड तोंड लपवून हसत होते. काकूंनी डोळे न उघडताच सांगितलं, "भावजी, शेळी लई झाक झाली."

मग रेखा. तिनं धोंडूला हातात घातला, त्याचा फेटा सारखा केला आणि म्हणाली, "काय पावणं, उभं का? बसा की. जागा हाय."

काकूंचे डोळे मिटलेलेच होते. पण त्यांचा हात आपसूक वर गेला आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला. नवरा घरात आला की घ्यायच्या तसा.

मी चहा प्यायला बाहेर गेलो. दोन कप प्यायलो. साखर दोन्हीत होती, पण मला लागली नाही.

*

तालमीतले किस्से तर विचारू नका. ते मी आनंदानं सांगतो.

रेखाच्या तोंडात ड्युटी बसलेली. अण्णांनी विचारलं, पावणं, जेवला का? तर धोंडू म्हणाला, "व्हय, पुढं सरका." एकदा शेळी मधे आली तर धोंडू तिला म्हणाला, "दारात थांबू नका." मी घरी जाऊन बायकोला ते करून दाखवलं. ती म्हणाली, "हसताय काय, चांगलं हाय की." आमच्या घरातही धोंडूचीच माणसं.

शाळेतल्या एका पोरानं तालीम बघून सांगितलं, की पावण्यांचा आवाज बसलाय. मी त्या पोराला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी रेखाच्या धोंडूनं त्याच पोराला जवळ बोलावून सांगितलं, "आवाज बसला न्हाय बाळा, मीच बसलोय. उभं ऱ्हाऊन कट्टाळलो." पोरगं फितूर झालं.

एके दिवशी रेखानं वही उघडली आणि मला विचारलं, "मामा, शेवटच्या उत्तराआधी मास्तर थांबायचे न्हवं? ते कशासाठी?"

सांगायला काय लागतं? पण जीभ वळली नाही. म्हटलं, "ती त्यांची कला होती."

तिनं वहीत लिहून घेतलं: थांबणे. पुढं लिहिलं: तीन अंक मोजणे. आणि पोरगी खरंच मनात एक दोन तीन मोजून उत्तर द्यायला लागली. उत्तरही एकच, पाठ केलेलं. मला वाटलं, खेळाच्या दिवशी हे आपटणार. खोटं कशाला बोलू, आपटावं असं वाटलं.

*

आणि मग पेठ वडगावचा खेळ. मास्तर गेल्यानंतरचा पहिला. मैदान गच्च. पुढच्या रांगेत काकू. पडद्याला एक भोक आहे, त्यातनं मला सगळं दिसतं.

रेखा मास्तरांच्या जागी बसली होती आणि मी माझ्या. पहिली दहा मिनिटं लोक जोखत होते. मग धोंडूनं एका म्हाताऱ्याला "पावणं, टोपी सरळ करा, फोटोत वाकडी येती" म्हटलं आणि मैदान त्याचं झालं. मला पडद्यामागं बसून ते सगळं ऐकावं लागलं. पोटात दुखणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

शेवट आला. अण्णांनी पेटीचा सूर धरून ठेवला आणि विचारलं, "पावणं, कधी जाणार?"

धोंडूनं मान तिरकी केली. मी मनात मोजलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. मी वर बघितलं. रेखाचे ओठ हलत होते, पण त्यातनं काही निघत नव्हतं. पाठ केलेलं उडालं होतं.

तेवढ्यात तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

मी दचकलो. वाटलं, जागा अरुंद आहे, चुकून लागला असेल. तर पुन्हा लागला. मास्तरांसारखाच, दोनदा.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईशप्पथ, कुणालाच नाही.

माझ्याकडं उत्तर होतं. जिभेच्या टोकावर होतं, आणि फक्कड होतं. मी गप्प बसलो. मला गप्प बसायचं होतं. मैदानात कुणीतरी खोकलं. अण्णांचा सूर थरथरला. भोकातनं दिसत होतं, काकूंनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती.

आणि धोंडू वळला. लोकांकडून वळला, अण्णांकडून वळला आणि पस्तीस वर्षांत भर खेळात पहिल्यांदा त्यानं माझ्या शेळीकडं तोंड केलं. तो मोठा डोळा तिच्यावर रोखला.

"मला काय इचारता?" धोंडू अण्णांना म्हणाला. "शेळीला इचारा. इतकी वर्सं मला तीच सांगत आलीया."

 अण्णांनी पेटीवरचा हात उचलला. ते पडद्याकडं वळले, शेळीकडं बघितलं आणि सावकाश विचारलं, "काय गं? पावणं कधी जाणार?"

सगळं वडगाव माझ्या शेळीकडं बघत होतं. काकूंनी डोक्यावर पदर घेतला.

मी शेळीचं तोंड उघडलं.

"ऱ्हावा की," शेळी म्हणाली.