पेढ्यांच्या डब्यातला कडुलिंब

हुबळीतल्या आमच्या कापडदुकानापासून पर्यावरणाला काहीही धोका नव्हता. पण विद्यानगरच्या एका कॉलेजात मी व्याख्यान ऐकून आले: छोट्या धंद्यांनीसुद्धा नोकरमाणसांना निसर्गाची गोडी लावावी! झालं, माझ्या अंगात आलं. दुकानातले प्लास्टिकचे कप गेले, स्टीलचे पेले आले. (ते धुवायचे कुणी, यावरून चहाच बंद पडला.)

मग आली दिवाळी. दरवर्षी आम्ही प्रत्येकाला पेढ्यांचा डबा द्यायचो. यंदा मी डबा तोच ठेवला, आत मात्र करवंटीत लावलेलं कडुलिंबाचं बोटभर रोप!

"सगळे चकित होतील बघा," मी ह्यांना म्हटलं.

"होतीलच," हे म्हणाले.

आता हा डबा दुकानात कुणी उघडत नाही. घरी नेऊन देवापुढे ठेवायचा आणि पाडव्याला सगळ्यांसमोर उघडायचा, अशी पद्धत. पाडव्याला सकाळीच एका सेल्समनचा फोन: "वहिनी, मिठाईवाल्यानं फसवलं! डब्यात पाला निघालाय!"

ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, बसप्पा अण्णांचा नवा जावई आलाय पहिल्या दिवाळीला! त्याच्यापुढे उघडतील की डबा!"

बसप्पा अण्णा म्हणजे सासऱ्यांच्या काळापासूनचे आमचे सेल्समन. 'आमच्या मालकांचे पेढे' असं ते व्याह्यांना कौतुकानं सांगायचे. त्या भल्या माणसाचं नव्या जावयापुढे मी हसं केलं होतं! पेढे घेतले आणि स्कूटरवरून जुन्या हुबळीतलं अण्णांचं घर गाठलं.

अंगणात जावईबापू नवं धोतर सावरत, हातानं खड्डा खणत होते. शेजारी कडुलिंब!

"बर्री, अक्का, बर्री!" 'या, या' असं कानडीत म्हणत अण्णा उठले. "जावईबापू, ह्याच आमच्या मालकीणबाई. पहिल्या दिवाळीला जावयानं झाड लावायचं, ही ह्यांच्या घराण्याची रीत."

घराण्याची रीत! मला रडू कोसळायचंच बाकी होतं. मी पेढे पुढे केले. अण्णा हळूच म्हणाले, "राहू दे हो अक्का. तुम्ही मनापासून दिलं होतं."

तेवढ्यात जावयानं आदरानं विचारलं, "अक्का, तुमच्या घरी कुठलं झाड लावलंय?"

आमच्या अंगणात तर नुसती फरशी!

"आंबा!" अण्णा पापणीही न हलवता म्हणाले. "मोठा झालाय. पुढल्या वर्षी दाखवतो तुम्हाला."

दुसऱ्याच दिवशी मी अंगणातली फरशी उखडली आणि रोपवाटिकेत जाऊन विचारलं, "वर्षात मोठा होणारा आंबा आहे का हो?"