एकतीस कुंड्या आणि माझी लिली

जनाकाकीच्या पडवीत एकतीस कुंड्या होत्या आणि एकतीसच्या एकतीस आजारी होत्या. पानांवर चंदेरी चट्टे, नवे कोंब पिळून काढल्यासारखे वाकडे. काकी पायरीवर बसली होती. माझी मोटरसायकल दारात आली तरी उठली नाही.

"ये रे नाना," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत मुंबईवाले येतील. त्यांना काय दाखवू मी?"

माझी महाडला नर्सरी आहे. वाळकी काठी जरी आमच्या मातीत खोचली तरी आठ दिवसांत तिला पालवी फुटते, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. यातली काठी खरी आहे. शिवथरच्या घळीत नसेल इतका गारवा माझ्या शेडनेटखाली असतो, असंही सांगतो. कशेडी घाटात दरड आली तेव्हा अडकलेल्या ट्रकवाल्यांना मी सहा जास्वंदी विकल्या होत्या. ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून मी त्या साठही करतो. पण त्या दिवशी थाप न मारता मी कुंड्यांपाशी वाकलो.

पोलादपूरकडून कुडपणला चढताना ही वाडी लागते. घरं चौदा, त्यातली नऊ बंद. माणसं मुंबईला नोकरीला. नऊही घरांच्या किल्ल्या काकीकडे. रोज सकाळी ती एकेक दार उघडते, केर काढते, देवापुढे दिवा लावते, कुलूप लावून पुढच्या घरी जाते. सत्तरी ओलांडली, पण वाडीतला सगळ्यात जास्त फिरणारा माणूस तीच.

एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते. नऊ घरी पाणी वाहून नेणं कुणालाच जमणार नाही. म्हणून शिमग्याला आलेली मंडळी परत गेली की काकी सगळ्यांच्या कुंड्या आपल्या पडवीत आणते. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी त्यांना घालते. जागा थोडी, कुंड्या फार. पानाला पान लागलेलं.

"संतोषच्या बायकोनं फोनवर बघितली झाडं," काकी म्हणाली. संतोष म्हणजे तिच्या शेजारच्या बंद घराचा मालक. "मग तो बोलला, काकी, तुझं वय झालं, आता किल्ल्या दुसऱ्या कोणाकडं देऊया."

"झाडांवरून किल्ल्या?"

"झाडं सांभाळता येत नाय ती घर काय सांभाळणार, असं म्हणणं हाय त्यांचं. झाडं मरूदेत रे. पण किल्ल्या गेल्या तर सकाळी उठून मी जाऊ कुठं?"

मी खिशातला पांढरा कागद काढला. एका पानाखाली धरला आणि पानावर दोन टिचक्या मारल्या. कागदावर काळे ठिपके पडले आणि त्यांच्यासोबत फिकट पिवळ्या, केसाच्या तुकड्यासारख्या बारीक रेघा. रेघा चालायला लागल्या.

"धूळ चालत नाही, काकी. हे फुलकिडे. आम्ही थ्रिप्स म्हणतो."

नाव फुलकिडे, पण हे पानंही सोडत नाहीत. पान खरवडतात आणि आतला रस पितात. रस गेलेली जागा रिकामी होऊन चांदीसारखी चमकते. काळे ठिपके ही त्यांची विष्ठा. मादी अंडी पानाच्या आत घालते, त्यामुळे वरून कितीही पुसा, अंड्यांना काही होत नाही. पिल्लं थोडी मोठी झाली की बरीचशी खाली मातीत उतरतात आणि पंख फुटले की पुन्हा वर येतात. उन्हाळ्यात हा सगळा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे एकदा औषध मारून जो निवांत झोपतो, तो त्यांच्या पुढच्या पिढीसाठी जेवण राखून ठेवतो.

"पण मी रोज पुसते ना सगळ्यांना," काकी म्हणाली.

"कशानं?"

तिनं फडकं दाखवलं. एक बादली, एक फडकं, एकतीस कुंड्या. आजारी पानावरून ते फडकं तसंच पुढच्या झाडावर. उरलंसुरलं काम चिकटून ठेवलेल्या कुंड्यांनी केलेलं.

"असं एका फडक्यानं पुसायला कुणी सांगितलं?"

"तूच बोललास. महिन्यामागं मी फोटो पाठवला नव्हता? तू बोललास धूळ हाय, पुसत जा."

फोटो आला होता. त्या वेळी माझ्यासमोर चार गिऱ्हाइकं उभी होती. मी तो अंगठ्याएवढा पाहिला आणि डॉक्टरी करून मोकळा झालो. पुसणं वाईट नाही, पण रोग न ओळखता सांगितलेलं पुसणं वाईट.

मग मी सगळ्यात जास्त खराब कुंडी शोधायला लागलो. कीड जिथून सुरू होते तिथं चट्टे जुने असतात. सापडली. पीस लिली, ती पांढऱ्या फुलाची, घरात सावलीला ठेवतात ती. शिमग्याला संतोषच्या बायकोनं आणलेली. कुंडीवर पिवळ्या रंगात एक मोबाईल नंबर होता. तो नंबर मी स्वतः ब्रशनं लिहितो.

मी कुंडी हळूच फिरवली. नंबर भिंतीकडे गेला.

"काय झालं?" काकीनं विचारलं.

"काही नाही. ही जरा लांब ठेवू."

त्या दिवशी आम्ही दोन बादल्या पाण्यात एकतीस झाडं धुतली. पुस्तकात लिहितात, झाड नळाखाली धरा. या वाडीत नळ आहे, पाणी नाही. म्हणून एका बादलीत साबणाचं पाणी केलं. कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधून माती अडवली, झाड उलटं धरलं आणि पानं बुडवून हलवली. मग दुसऱ्या बादलीत खळबळलं. फार खराब पानं कापून पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली. कुंड्या हात-हातभर लांब मांडल्या. एका लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, चार थेंब साबण, असा स्प्रे करून दिला.

"दर सहाव्या दिवशी मारा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पानाच्या खालून. महिनाभर तरी. मध्येच बरं दिसलं म्हणून थांबायचं नाही."

"आणि पानं पहिल्यासारखी होतील?"

"चट्टे जात नाहीत. नवं पान कसं येतं ते बघायचं."

महाडला परत येऊन मी सरळ शेडनेटखाली गेलो. लिलीच्या रांगेत कागद धरला, टिचकी मारली. कागदावर जत्रा भरली. शंभरेक कुंड्यांचा स्टॉक होता. मी लिली विकणं बंद केलं आणि बायकोला सांगितलं, "मागणी फार आहे, माल संपला." तिनं रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चार दिवस पुरली.

मे महिन्यात मुंबईकर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक. मी न बोलावता गेलो. काकी खांबाजवळ बसली होती. किल्ल्यांचा जुडगा तिनं आधीच समोर चटईवर काढून ठेवला होता.

"काकी, रागावू नकोस गो," संतोष म्हणाला. "तुझ्याच्यानं आता होत नाय. बिचाऱ्या झाडांची काय दशा झाली बघ."

"झाडं तिनं नाही बिघडवली," मी म्हणालो. "कीड माझ्या नर्सरीतून आली. तुझ्या बायकोच्या लिलीतून. आणि चुकीचा सल्लाही माझाच."

सगळे हसले.

"नाना, काकीसाठी किती बोलशील?" संतोष म्हणाला. "मागल्या वर्षी तू बोललास की तुझ्याकडचा भोपळा क्रेननं उचलला. बसलो का आम्ही ऐकत? बसलो. आता पुरे."

चाळीस वर्षं लोकांनी माझ्या थापांवर माना डोलवल्या होत्या, आणि पहिल्यांदा खरं बोललो तर कुणी विश्वास ठेवीना. हे मी येतानाच धरून चाललो होतो. मोटरसायकलला अडकवलेली पारदर्शक पिशवी आणली. आत माझ्या रांगेतली एक लिली, खाली पांढरा कागद, तोंड घट्ट बांधलेलं. मी पिशवी हलवली आणि खिशातली लेन्स संतोषच्या हातात दिली.

"उघडू नकोस. वरूनच बघ. कुंडीवर नंबर कुणाचा तो पण बघ."

संतोष वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"हलतायत," तो म्हणाला. मग त्याची बायको स्मिता वाकली. मग एकेक करत सगळी वाडी.

"म्हणजे तू स्वतःचा माल घेऊन स्वतःचीच बदनामी करायला आलास?" मागून एक म्हातारा म्हणाला. "मग खरं असणार बाबा. धंदेवाला एवढं फुकट करत नाय."

स्मिता उठून काकीच्या पडवीत गेली. पंधरा दिवसांत त्या झाडांना दोन-तीन नवी पानं आली होती, ती निरखून परत आली. "नवी पानं साफ आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्याला मुंबईत दोन कुंड्या जगवता येत नाहीत. काकींनी एवढ्या वाचवल्या." तिनं जुडगा उचलून काकीच्या हातात दिला.

काकीनं तो कमरेला खोचला. आभार वगैरे काही नाही. उभी राहिली आणि मला म्हणाली, "सव्वीस तरी सुधारल्या. पाच गेल्या, त्या तू भरून द्यायच्यास. आणि आणशील त्या माझ्या पडवीत नाय आणायच्या. तीन आठवडे तिकडं गोठ्याकडं लांब राहतील. रोज कागद धरून मी बघीन, मग आत."

मी पाच कुंड्या दिल्या. तीन आठवडे त्या गोठ्याजवळ उभ्या होत्या. माझी लिलीची सगळी रांग मी जाळून टाकली, रिकामी जागा घासून धुतली.

आता नर्सरीत कुणी झाड घेतलं की मी सांगतो: घरातल्या इतर झाडांपासून हे तीन आठवडे लांब ठेवा, पानाखाली कागद धरून टिचकी मारा. गिऱ्हाईक विचारतं, तुमच्या झाडावर तुमचाच भरवसा नाही का? मी म्हणतो, झाडावर आहे. विकणाऱ्याला मी चांगला ओळखतो.