बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही

बायोप्सीचा अहवाल वाचून डॉक्टरबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. टीबी आहे, स्वरयंत्राचा."

बायोप्सी म्हणजे शंका असलेल्या जागेचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. हा तुकडा माझे पती अंकुश यांच्या घशातला होता. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात, कान-नाक-घसा विभागाबाहेरच्या बाकावर, आम्ही दोघे दुसरेच नाव ऐकण्याची तयारी करून बसलो होतो.

"औषधाने बरा होतो," त्या म्हणाल्या. "पण गोळ्यांइतकंच एक पथ्य पाळायचं. तीन महिने बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं ताण कमी होत नाही. काय काम करता तुम्ही?"

अंकुशच्या वतीने मी सांगितले, "गेटवर बोलतात."

त्यांना ते समजले नाही. जालन्याबाहेर कोणालाच समजले नसते. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. लोखंड तापवून सळया ओढणाऱ्या रोलिंग मिलच्या गेटवर रोज सकाळी माणसे डबा घेऊन उभी राहत. ठेकेदाराचा मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. महिन्यात किती दिवस काम लागेल याची हमी कोणालाच नव्हती. आत गेलेल्यांनाही वीज गेली की परत पाठवीत. अंकुशनी स्वतः त्या मिलमध्ये चिमट्याने तापलेल्या सळया पकडल्या होत्या. हे बदला, असे ते बोलू लागले आणि मुकादमाचे बोट त्यांच्याकडे वळेनासे झाले. त्यानंतर ते फक्त बोलत. घर माझ्या पगारावर चाले. मी एका दैनिकाच्या जालना कार्यालयात बातम्या लिहीत असे.

आजार बरा होणार हे ऐकून मला हायसे वाटले. लगेच दुसऱ्या एका कारणानेही बरे वाटले. तीन महिने तो आवाज गेटलाही मिळणार नव्हता.

हा मत्सर होता. हा मजकूर मी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी लिहीत आहे, त्यामुळे मत्सर गाळलेला नाही.

सुरुवात घोगरेपणाने झाली होती. भाषणे करणाऱ्याचा आवाज बसतोच, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. ज्येष्ठमध झाला, गरम पाणी झाले. मग गिळताना दुखू लागले, शर्ट सैल झाले, संध्याकाळी अंगात कणकण राहू लागली. या दिवसांत ते घरात बोलणे टाळत. मी काही विचारले की हाताने थांबवीत, कारण सकाळी गेटवर बोलायचे असे. आमचे लग्न त्यांच्या आवाजामुळे झाले होते. मी त्यांच्या सभेची बातमी घ्यायला गेले होते आणि टिपणे घ्यायची राहिली होती. आता घरी मला त्या आवाजाचे तळाशी उरलेले तेवढेच मिळे, नंतर तेही नाही.

वाचणाऱ्यांना एक सांगते. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर घसा तपासून घ्यावा. डॉक्टर जीभ धरून मागे छोटा आरसा धरतात आणि त्यात स्वरयंत्र पाहतात. याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. उबळ येते, दुखत नाही. आम्ही जवळजवळ अर्धे वर्ष घालवले.

छातीच्या एक्स-रेमध्ये डाव्या बाजूला वर डाग होता. थुंकीत जंतू निघाले. माझीही थुंकी तपासली, ती स्वच्छ होती. गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळत. त्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, घाबरू नये. बरे वाटू लागले म्हणून मधेच थांबू नये.

मी पाटी आणि खडू आणला. पहिले काही दिवस पाटीवर फक्त माझ्यासाठी मजकूर असे. "भाजी चांगली." "खिडकी उघडी ठेव." एकदा, "तुझा आवाज इतका कधी ऐकला नव्हता." ती पाटी मी संध्याकाळपर्यंत पुसली नाही.

मग कलीम येऊ लागला. हा मिलमधलाच, भट्टीवर काम करणारा, वयाने अंकुशपेक्षा लहान. डॉक्टरांनी गर्दी नको सांगितल्यामुळे तो अंगणातच बसे.

"भाभी, बिलकुल फिकीर करू नका. आम्ही संभाळून राह्यलो नं," तो म्हणे आणि पाठोपाठ विचारे, "भाऊ, मंग परवा मुकादमाला काय सांगू?"

अंकुश लिहीत. पाटी भरे, पुसली जाई, पुन्हा भरे. कलीमला उर्दू वाचता येई, मराठी अडखळत, म्हणून मी मोठ्याने वाचायचे. म्हणजे मला मिळालेले महिने मीच माझ्या तोंडाने गेटला देत होते. वाचताना मी सवयीने वाक्ये कापत असे. अंकुशच्या ते लक्षात आले तेव्हा त्यांनी लिहिले, "सगळं वाच." मी म्हणाले, "जागा कमी आहे." कलीम पाटीकडे आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, पेपरवाल्या बाईशी लगीन केलं, आता भोगा."

दोन महिन्यांनी थुंकीत जंतू दिसेनासे झाले आणि बाहेर जायला परवानगी मिळाली, बोलायला नाही. त्याच आठवड्यात मिलच्या मॅनेजरने बोलावले. गेटवरच्या माणसांनी दोन दिवस आत जायचे नाकारले होते आणि भट्टी थंड पडली होती. अंकुश, कलीम आणि पाटी वाचायला मी, असे तिघे गेलो.

"यांना काय झालं?" मॅनेजरने विचारले.

"भाऊचा घसा बंद आहे, साहेब," कलीम म्हणाला. "दिमाग चालू आहे."

"चला, आज शांतता तरी राहील."

शांतता राहिली आणि ती त्यांनाच जड गेली. ते काही बोलत, अंकुश खडू उचलून सावकाश लिहीत, आणि तोवर खोलीत खडूखेरीज आवाज नसे. मॅनेजरना तेवढे थांबवेना. खडू थांबण्याआधीच ते आपले वाक्य बदलत. "काम नाही तर पैसे कसे देणार?" पासून ते "निदान आदल्या दिवशी सांगता येईल" इथपर्यंत स्वतःच आले. मुलाखतीत आपण गप्प बसलो की समोरचा बोलत जातो, हे वार्ताहराला पहिल्या वर्षी कळते. अंकुशना ते घसा गेल्यावर कळत होते.

उद्या कोणाला काम आहे ते आदल्या संध्याकाळी गेटवर सांगायचे, आत घेऊन परत पाठवले तर अर्धी हजेरी द्यायची, एवढे ठरले. महिन्याला ठरावीक दिवसांची हमी ही मुख्य मागणी होती. तिच्यावर मॅनेजर "बघू" म्हणाले.

बाहेर कलीम म्हणाला, "भाभी, भाऊ बोलले असते नं, तर चहा यायच्या आधीच मिटिंग मोडली असती. डॉक्टरला म्हणा, अजून तीन महिने वाढवून द्या."

अंकुश आवाज न करता हसले. मला हसू आले नाही. त्यांचे गप्प राहणे तरी माझे आहे असे मी धरून चालले होते.

त्या निर्णयाचा एक उपयोग नंतर दिसला. थुंकी तपासायचे केंद्र सकाळी उघडे आणि मुकादमाचे बोटही सकाळीच फिरे, त्यामुळे खोकणारी माणसे तपासणीला जातच नसत. आता उद्या काम नाही हे आधी कळे. त्या माणसांतले दोघे तपासून आले. एकाला गोळ्या सुरू झाल्या.

तीन महिने पूर्ण झाल्यावर आरसा पुन्हा घशात गेला. पहिले शब्द कोणासाठी असतील याचा विचार मी, सांगायला हरकत नाही, फार केला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ई म्हणा." अंकुश म्हणाले, "ई." पहिला शब्द डॉक्टरबाईंना मिळाला.

"जखम भरली," त्या म्हणाल्या. "व्रण राहिला आहे. बोलू शकाल. ओरडता येणार नाही. गेटवरची भाषणं आता विसरा."

"माईकवर?" अंकुशनी विचारले. आवाज खरखरीत होता आणि बराच खाली गेला होता.

"माईकवरही तासभर नाही. एका खोलीपुरता आवाज आहे असं समजा."

परतीच्या एसटीत त्यांचे बोलणे ऐकायला मला कान जवळ न्यावा लागला. मला हवे होते ते मिळाले होते. एका खोलीपुरता आवाज, आणि खोली माझी. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत ते मला रोज काही ना काही सांगत. वाटूर गावातले लहानपण, भट्टीजवळचे पहिले दिवस. मी समाधानी होते. त्या डॉक्टरबाई आणि केंद्रातल्या नर्स यांची मी ऋणी आहे.

मग एका संध्याकाळी दिवसांच्या हमीसाठी गेटवर सभा होती. आम्ही दोघे रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. कलीम बोलत होता. तो चांगला बोलत होता, माणसे हसत होती, मधेच गप्प होत होती. मी अंकुशकडे पाहिले. तो चेहरा ओळखायला मला वेळ लागला नाही. इतकी वर्षे त्या गेटकडे पाहताना माझा तोच होत आला होता.

"लांबवून राह्यला," ते म्हणाले.

"हो."

"दिवसांची मागणी शेवटी ठेवली त्यानं. लोकं तोवर निघून जातील. आधी पाहिजे होती."

"मग त्याला जाऊन सांगा."

"मला कोण ऐकणार? आवाज कुठे पोचतो?"

"त्याच्या कानापर्यंत पोचतो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. ते रस्ता ओलांडून गर्दीत शिरले. माणसांनी वाट करून दिली. कलीम बोलता बोलता थांबला, वाकला आणि त्याने कान पुढे केला. इतक्या लांबून ते काय म्हणाले हे मला ऐकू आले नाही, आणि ते संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.